दोन छिद्रं

डॉक्टरबाईंनी चिमट्यानं टाका उचलला, खाली कात्रीचं टोक सरकवलं आणि कापलेला दोरा अलगद ओढून घेतला. गुडघ्याच्या दोन बाजूंना एकेक छिद्र, त्याखाली स्क्रूसाठी घेतलेला छोटा छेद. ओपीडी संपत आली होती. त्यांचे पाय सकाळपासून ठणकत होते.

"पाय टेकवलात," एक्स-रे उजेडासमोर धरत त्या म्हणाल्या.

टेबलावरची बाई छताकडे बघत राहिली.

शिडीवरून पडली तेव्हा तिच्या नडगीच्या हाडाचा सांध्यात येणारा भाग एका बाजूनं आत दबला होता. छिद्रातून दुर्बीण घालून, पडद्यावर नजर ठेवून, डॉक्टरबाईंनी तो तुकडा खालून कणाकणानं वर ढकलला होता आणि स्क्रूंवर तोलून धरला होता. आता तो किंचित खाली बसला होता. आणखी बसला तर दुर्बिणीनं भागणार नव्हतं. गुडघा उघडावा लागणार, आणि तरी ती पूर्वीसारखी चालेल याची खात्री नाही.

टेकवायचं नाही हे बाईला पाठ होतं. पण घरची खानावळ, आणि स्वयंपाकघरात सासू आणि ती, दोघीच. सुरुवातीला सगळ्यांनी हातावर झेललं. मग पट्टी बदलताना नवऱ्यानं छिद्रं पाहिली आणि म्हणाला, डास चावला तर याहून मोठी गांधी येते. सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी सासूनं ओट्याशी बोलावलं. उभी राहू नकोस, नुसती टेकून राहा म्हणाली. मागे दिराचा हात साधा मोडला होता, पण कोपरापर्यंत प्लास्टर होतं. त्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळत होता.

"डॉक्टर, मला प्लास्टर घाला ना."

"गुडघा आखडेल. तो लवकर वाकवता यावा म्हणून तर दुर्बिणीतून केलं."

"तेच तर. वाकवताना बघतात आणि म्हणतात, वाकतोय की."

डॉक्टरबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. ऑपरेशननंतर बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला त्यांनीच करंगळीचं नख दाखवलं होतं. एवढ्याशा जागेतून झालं बघा.

त्यांनी कपाट उघडून कापसाचे गुंडाळे काढले. मांडीपासून घोट्यापर्यंत, गरजेच्या तिप्पट कापूस, त्यावर पट्टी, त्यावर पट्ट्यांनी आवळायचा लांब आधार. पाय उशीसारखा फुगला. व्यायामाच्या वेळी खोलीचं दार लावून सोडायचं, त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि झालं की परत बांधायचं. मग सासूला आत बोलावलं.

सासू त्या पांढऱ्या पायाकडे बघतच राहिली. दोन महिने हा पाय जमिनीला लागायचा नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलं. लागला तर पुन्हा ऑपरेशन, आणि तेव्हा इथपासून इथपर्यंत कापावं लागेल. सासूनं वाद घातला नाही. चूल कोण बघणार, एवढंच विचारलं. घरात तीन पुरुष आहेत ना, डॉक्टरबाई म्हणाल्या. सासूनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

नवरा चाकाची खुर्ची घेऊन आला. पाय बघून त्याचा चेहरा उतरला. दुखतंय का, त्यानं पहिल्यांदाच विचारलं, आणि खुर्ची उंबऱ्यावरून जपून उतरवली.

सासू मागे राहिली. तिनं दार लोटून घेतलं.

"तुकडा खरंच खाली बसलाय?"

"हो. खरंच."

सासूनं मान हलवली. मग कोणी न सांगता रिकाम्या टेबलाच्या कडेवर बसली आणि चपला खाली गळू दिल्या. कपाट अजून उघडंच होतं.

"त्यातला कापूस," ती म्हणाली, "माझ्यापुरता उरलाय का?"

डॉक्टरबाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"कुठला पाय?"

"कुठलाही."