सरडा धरणारा हात

निळा

तिचे हात जन्माचे गार. लग्न झाल्यापासून ते गरम करायचं काम त्याच्या मानेकडे होतं. बाहेरून आली की ती मागून दोन्ही पंजे त्याच्या मानेवर टेकवायची आणि तो "मेलो" म्हणायचा. घरात राहणारी त्याची आत्या म्हणायची, "एवढ्यावर सुटतोस हे नशीब समज."

दोघांचं पोट सरड्यांवर चालायचं. ती डोंगरमाथ्यावर जाऊन सरडे पकडायची आणि शेपटीच्या टोकाचा कण काढून त्याला पाठवायची. तो खाली प्रयोगशाळेत बसून त्यातली जनुकं वाचायचा. मैदानातला सरडा ज्या थंडीत दगड होतो, त्याच थंडीत माथ्यावरचा सरडा शिकार करत फिरतो, तो कशाच्या जोरावर? त्याचं उत्तर ठरलेलं होतं: रक्तात असतं. माथ्यावरच्या सरड्यांच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक त्याला सापडला होता, आणि तेव्हापासून मासे असोत, बेडूक असोत, उंदीर असोत, जेवताना सगळ्यांचा निकाल तो तसाच लावायचा. पिढ्यान्‌पिढ्या मराव्या लागतात तेव्हा कुठे बदल होतो; एका हंगामात कोणी बदलत नाही. ती म्हणायची, सवय नावाचीही एक चीज असते. तो म्हणायचा, मीठ दे.

यंदा तिच्या सोबतीला एक उंच माणूस होता, उष्णता टिपणारा कॅमेरा चालवणारा. ती त्याला दाढी म्हणायची. ती सरडा चिमटीत धरायची, दाढी फोटो काढायचा. फोटोत गार ते निळं, ऊबदार ते पिवळं, गरम ते तांबडं. सुरुवातीच्या फोटोंत निळा सरडा, निळी बोटं. सरडा कुठे संपतो आणि बायको कुठे सुरू होते, कळत नव्हतं.

पिवळा

मग एका सोमवारी बोटं पिवळी आली.

कॅमेरा बिघडला असेल. पण दगड निळे होते, सरडा निळा होता, मनगटावरची बाही निळी होती. बोटंच तेवढी पिवळी, पार टोकांपर्यंत. पुढच्या आठवड्यात आणखी पिवळी.

हे हात कोण शेकतंय?

मत्सराची गंमत अशी, की तो हुशार माणसाच्या घरी उतरला तर त्याची हुशारीही कामाला जुंपतो. शेकोटी? नाही, धुराने सरडे दडतात. हातमोजे? ते त्याने स्वतःच बंद केले होते. उलट त्याचाच नियम होता: सरडा धरण्याआधी प्रत्येकाने हात ओढ्याच्या पाण्यात बुडवून गार करायचा, नाहीतर हाताची ऊब सरड्याला लागते आणि मोजमाप खोटं ठरतं. तिचे हात आधीच गार, पण नियम म्हणजे नियम. मग उरलं काय? उरला दाढी.

एका फोटोत दाढीचा हात सापडला. कधी नव्हे तो सरडा त्याने धरला होता. रुंद पंजा, जाड बोटं, आणि निळीशार. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. हा म्हणाला, बरोबर, सगळी ऊब तिला देऊन बसलाय. असं कुठल्या पुस्तकात नाही. पण मत्सराला पुस्तक लागत नाही.

मध्येच, आत्या

बाईला सवत आली तर निदान तिला शिव्या घालायला शब्द तरी असतो, आत्या म्हणाली. पुरुषाला तेवढाही नाही. बिचारे गप्प जळतात.

त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

फोन

फोनवर त्याने कामाचा सूर लावला. तुझी बोटं गरम दिसतायत, म्हणजे तिथपासूनची सगळी मोजमापं बाद, तसं मी वरिष्ठांना कळवतोय. ती चिडेल, रडेल, काहीतरी कबूल करेल असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "पिवळी? खरंच? आणि दाढीची?" आणि हसली.

दाढीचं नाव तिनेच काढलं, हे त्याने गाठीला बांधून ठेवलं.

तांबडा

ती आली. बॅग ठेवून तिने आत्याच्या गालाला हात लावला तशी आत्या दचकली, "अगं, ताप आहे की काय?" मानेवर पंजे आले नाहीत. वाट बघून त्याची मान अवघडली.

शेवटी त्याने विचारलंच. "तुझे हात कोण शेकायचं?"

"म्हणजे इतके दिवस तू हे..." ती हसली नाही. आतून बर्फाच्या पाण्याचं पातेलं आणलं, कॅमेरा टेबलावर मांडला. "घाल हात."

दोघांनी घातले. त्याची बोटं ठणकली, मग बधिर झाली. बाहेर काढले तेव्हा पडद्यावर त्याचा पंजा निळा तो निळाच. तिच्या बोटांची टोकं मात्र हिरवट झाली, पिवळी झाली, आणि बघता बघता तांबडी.

"रोज ओढ्यात बुडवायचे," ती म्हणाली. "आधी रडू यायचं. मग हातच शिकले. गार पडले की रक्त आपणहून धावत येतं. नियम तुझाच."

"आणि दाढी?"

"तो एकदाच बुडवून आईच्या नावाने ओरडला. परत कॅमेरा सोडला नाही त्याने."

तो हायसं वाटायची वाट बघत राहिला. वाटलं नाही. दाढी असता तर भांडता आलं असतं. ओढ्याशी काय भांडणार? डोंगराने एका हंगामात त्याची बायको स्वतःजोगी करून घेतली होती, आणि त्याच्या मानेला कोणी विचारलंही नव्हतं.

"पण तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "हात गरम, तर मोजमापं बाद. कळवलंस ना वर?"

"कळवलं."

"मग मला पुन्हा जावं लागणार. या खेपेला काठीला फास लावून धरीन." तिने चेहरा पडलेला ठेवायचा प्रयत्न केला. जमला नाही, हे नवऱ्याला कळतं. बॅगेतले कपडे तिने बाहेर काढलेच नाहीत.

ती आत गेली. त्याने हात पुन्हा पातेल्यात घातला.

"अरे, काढ तो," आत्या म्हणाली. "कामातून जाईल."

"थांब," तो म्हणाला, आणि दात आवळून उभा राहिला.