डावखुरी वीण

निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला जुन्या सामानाचं वेड लागलं होतं. आज पारा उडालेला आरसा, उद्या एक पाय आखूड असलेली तिपाई. बायको पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर लोकांचे पडदे नि झगे शिवायची. पहिल्यांदा तिने कपाळावर हात मारला. पण तिपाईला पाचर बसली, आरशाला चौकट आली, घर देखणं दिसू लागलं, तशी तीही फडकं घेऊन पुसायला लागली.

मग क्रोशाने विणलेल्या वस्तू यायला लागल्या. आधी तिपाईवर रुमाल, मग दिव्याला झालर, मग खुर्चीच्या पाठीला जाळी.

"सामानाबरोबर फुकट दिलं दुकानदाराने," चहाचा कप डाव्या हाताने उचलत नवरा म्हणाला.

"काय हात आहे हो बाईचा!" ती म्हणाली, आणि नवरा चक्क लाजला.

तिथेच माशी शिंकली. परक्या बाईचं कौतुक ऐकून आपला नवरा लाजतो कशाला?

तो बाहेर गेल्यावर तिने सगळ्या वस्तू उलट्या करून पाहिल्या. कापडाची सुलट बाजू गिऱ्हाइकाला, उलट बाजू शिवणारीला, हा तिचा धडा. सगळे टाके डावीकडून उजवीकडे गेलेले. म्हणजे हात एकच, तोही डावखुरा. सूत कोरं, एकदाही न धुतलेलं. दहा घरांतलं जुनं सामान आणि विणणारी एकच?

पुढच्या आठवड्यात खिडकीतल्या बाकाचं आच्छादन आलं. बाक वेडावाकडा, भिंतीबरोबर कललेला, तरी बोटभरही कमीजास्त नाही. तिची मापाची टेप मात्र दोन दिवस सापडत नव्हती. कुणीतरी तिच्या घराचं माप घेऊन बसली होती! ती मनातून पार हादरली. या वयात नवरा हातचा जाईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

नणंद आली, तिने तेल ओतलं. "वहिनी, दादा रोज दुपारी दुकानात जातो म्हणे. जुन्या खुर्च्यांत एवढं काय बघायचंय? पाणी मुरतंय कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी नवरा निघाल्यावर तिने यंत्रावर झाकण घातलं आणि त्याच्या मागे गेली.

दुकानदार तोंडावर फडकं टाकून घोरत होता. दोन कपाटांच्या मागून नवऱ्याचा हलका आवाज येत होता. "बस, एवढी एकच रांग." पदर खोचून ती कपाटामागे शिरली.

नवरा मोडक्या आरामखुर्चीत बसला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डाव्या हातात क्रोशाची सुई, मांडीवर अर्धवट जाळी.

"बाई कुठाय?" तिने विचारलं.

"कुठली बाई?"

ती सुईकडे बघतच राहिली. इतकी वर्षं याच डाव्या हाताला ती ताट वाढत आली होती, आणि टाके पाहून तिला बाईच आठवली!

"लपवायचं काय होतं त्यात?"

"मी एकदा उशीचा अभ्रा शिवला होता," तो मान खाली घालून म्हणाला. "तू माझ्या बहिणीसमोर टराटरा उसवलास. आठवतंय?"

तिला आठवत नव्हतं.

"बाजारातून आणलं म्हटलं की तू कौतुक करायचीस. मी केलं म्हटलं असतं, तर आधी चूक शोधली असतीस."

"काहीतरीच काय!" असं म्हणायला तिने तोंड उघडलं खरं. पण तिची नजर कधीच मांडीवरच्या जाळीवर गेली होती. कडेला एक टाका निसटला होता, आणि तिची बोटं तो उसवायला शिवशिवत होती. तिचा संशय खोटा निघाला होता. त्याचा खरा होता. तिला स्वतःची लाज वाटली.

त्याने तिची नजर ओळखली. "सुटलाय ना कुठेतरी?"

"सुटलाय," ती म्हणाली. शेजारची खुर्ची ओढून ती त्याच्याजवळ बसली. "राहू दे तसाच. आणि उद्यापासून घरी बसून विणा, इथे उजेड नाही."