इनासचा उपास

रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमीतल्या जुन्या मिसावाल्यांची, म्हणजे चर्चची उपासना जुन्या लॅटिनमध्येच हवी म्हणणाऱ्यांची, जमात आठ-दहा घरांची. सगळे कोर्लईकडून कंपनीच्या नोकरीसाठी आलेले. चर्चमध्ये मराठी मिसा सुरू झाली, गिटार आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले, तेव्हा ही घरं रागानं बाहेर पडली. मग त्यांच्यातही फाटलं. चर्चची पायरीसुद्धा चढायची नाही म्हणणारे एकीकडे, चढली तर काय बिघडतं म्हणणारे दुसरीकडे. एवढ्याशा लोकांत दोन तट. देवाच्या नावानं भांडायला माणसं फार लागत नाहीत.

महिन्यातून एकदा मुंबईहून एक फादर यायचे आणि लॅटिन मिसा म्हणायचे, ती इनासच्या पडवीत. इनास कंपनीत फिटर. लहानपणी कोर्लईच्या म्हाताऱ्या पाद्र्यानं त्याच्याकडून लॅटिन उत्तरं घोकून घेतली होती. फादर वेदीवर म्हणणार आणि गुडघे टेकलेला इनास खड्या आवाजात उत्तर देणार. बाकीच्यांना एक अक्षर कळायचं नाही. त्यातच इनासला सुख होतं.

ते सुख सालूनं घालवलं.

सालू त्याच कंपनीत हेल्पर. लॅटिन येत नाही, घर दोन खोल्यांचं. हा माणूस चर्चच्या मराठी मिसालाही जायचा आणि इनासच्या पडवीतही यायचा. चर्चवाले त्याला म्हणत, "काय रे, मागल्या दारानं तिकडं जातोस?" पडवीतले म्हणत, "बाटगा." सालू दोघांनाही हसून "व्हय, व्हय" म्हणायचा आणि वाकून चपला सरळ लावायचा. कुणाचं पोर आजारी पडलं की लोक इनासला नाही, सालूला बोलवायला लागले. "सालूदादानं प्रार्थना केली की बरं वाटतं," म्हणे.

इनासला हे सहन होईना. सालूचा पगार जास्त असता, बायको देखणी असती, तर माणूस चार शिव्या घालून मोकळा झाला असता. सालूकडे होता तो शांतपणा. तो चोरता येत नाही की विकत मिळत नाही. इनासनं एकदा सालूसारखं गप्प राहून पाहिलं. संध्याकाळच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही. आमटीत मीठ नव्हतं.

त्यात फादरांनी मागच्या वेळी पिल्लू सोडलं. "इस्टरनंतर मिसा सालूच्या घरी घ्यावी म्हणतो. पुढच्या खेपेला सांगतो."

इनासची झोप उडाली.

या लोकांचा एक कडक नियम होता. कम्युनियन, म्हणजे मिसातली पवित्र भाकर, घ्यायची तर मध्यरात्रीपासून तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. थेंबभर पाणीसुद्धा नाही. रोमनं ही अट कधीच सैल केली होती. हे फादरही म्हणत, "तीन तास पुरे." पण इनास फादरांपेक्षा कडक. सकाळी घोटभर पाणी प्यायली म्हणून त्यानं तेरेझबाईला सगळ्यांसमोर मागं बसवलं होतं.

मिसाच्या सकाळी सालू रात्रपाळीवरून सुटणार होता. रात्रपाळीची माणसं सुटली की रोह्याच्या स्टँडजवळ जनूच्या हॉटेलात चहा पितात. सालू रात्रभर पोती उचलून तसाच कोरडा येतो, यावर इनासचा विश्वासच नव्हता. आज त्याला चहासकट धरायचा आणि फादरांसमोर उभा करायचा, असं ठरवून तो उजाडताच पूल ओलांडून जनूकडे जाऊन बसला.

पाळी सुटली. सालू चौघांबरोबर आला, समोरच्या बाकावर बसला. पोऱ्यानं त्याच्यापुढे चहा ठेवला. इनासनं डोळ्यांची पापणी हलवली नाही. सालूनं ग्लास हातात घेतला. आता पितो. आता पितो. सालूनं ग्लास शेजारच्या मिथुनकडे सरकवला आणि नुसता हात चोळत बसला.

मग त्यानं वर पाहिलं. इनासकडे, मग इनासच्या हातातल्या ग्लासाकडे.

ग्लास रिकामा होता. जनूनं कधी आणून ठेवला, आपण कधी प्यायलो, इनासला कळलंच नव्हतं. जिभेवर चहातलं आलं चुरचुरत होतं.

"चल रे इनास," सालू उठत म्हणाला. "फादर आले असतील."

वाटेभर तो पुढे चालत होता. इनासला वाटलं, हा आता तिथं जाऊन सांगणार. मी असतो तर सांगितलं असतं.

मिसा सुरू झाली. उत्तरं इनासनं आज पुटपुटतच दिली. कम्युनियनची वेळ आली. फादर आधी इनासकडे वळले. इनासनं नकारार्थी मान हलवली. पडवीत कुजबूज झाली. बाकीचे पुढे येऊन गुडघ्यांवर बसले. सालू भिंतीपाशीच राहिला, डोळे मिटून.

मिसा संपल्यावर अंगणात तेरेझबाईनं सुरुवात केली. "इनासचं एक समजलं, बरं नसंल त्याला. पण सालू, तू रे काय बायकांसारखा भिंतीला चिकटलास? जनूकडं चहा ढोसून आलास ना?"

सालू हसला. "पुढच्या म्हैन्यात घेईन बाई. कम्युनियन कुठं पळून जातीय?"

"बघा फादर! आणि याच्या घरी मिसा नेताय!"

फादर दाढी खाजवत विचारात पडले. इनासनं नुसतं गप्प राहायचं होतं. मिसा त्याच्याच पडवीत राहिली असती. पण त्यानं सालूकडे पाहिलं. रात्रभर उपाशी राहिलेला, ओठ सुकलेले, दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन वर हसतोय. म्हणजे हेही यालाच मिळणार? माझ्या चहाचं पुण्यही यानंच न्यायचं?

"चहा मी प्यायलो!" इनास ओरडला. "मी! त्यानं थेंब घेतला नाय. मी एकटा मागं राह्यलो तर दिसंल म्हणून हा बसला. कळलं? उगाच त्याला संत करू नका!"

सालूच्या कपाळावर आठी पडली. "तुला येक दिवस गप बसवत नाय, इनास?" तो खरोखर चिडला होता. इनासला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

फादर म्हणाले, "इस्टरनंतर मिसा सालूच्या घरी."

इनासचं बरं वाटणं तिथंच संपलं. सगळे निघाले. सालू फाटकाशी घोटाळला.

"उत्तरं द्यायला येशील ना?"

"का? तुला नाय येत?"

"नाय."

"मग शीक."

"शिकव."

इनासकडे एवढी एकच गोष्ट होती जी सालूकडे नव्हती. तो बराच वेळ फाटकाची कडी हलवत राहिला. मग त्यानं पहिली ओळ म्हटली, मुद्दाम भरभर.

सालूनं म्हणून पाहिली. पार वेडीवाकडी.

"चूक," इनास म्हणाला. "परत म्हण."