डाव्या पायाची पायताणं

तिसऱ्या पाहुण्याचं पायताण गेलं, आणि तेही डाव्याच पायाचं.

चिखलदऱ्याला जाणारी माणसं परतवाड्याला पंचफुलाबाईंच्या दोन खोल्यांत रात्रभर थांबत आणि सकाळी पोहे खाऊन निघत. आता ती एका पायात स्वतःचा बूट आणि दुसऱ्यात बाईंच्या न्हाणीतली निळी स्लीपर घालून निघू लागली होती. एकीनं तर मोबाइलवर जाहीर लिहिलं, 'पोहे उत्तम, चपला सांभाळा.' निम्मी बुकिंगं रद्द झाली.

अकोल्याहून मुलगा सुगत फोनवर म्हणाला होता, "आई, आणखी एक तक्रार आली तर खोल्या बंद. तुले अन् बाबाले इकडं घेऊन येतो." त्याचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट बाईंनी पाहिला होता. तिथं शेजारची दारं दिवसभर बंद असत. बाईंना तिथं मरायचं नव्हतं.

शेजारचे डोमाजी कुंपणावर हनुवटी टेकून हळूच म्हणाले, "बाई, डावंच काहून? हे करणीचं काम हाय. आता पायताणावर भागत नाही, माणूस जाईन."

"तुमची बकरी माझी कोथिंबीर खाऊन राहिली, ते पाहा आधी."

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंनी त्यांना असं झटकलं खरं, पण घरात येऊन स्वतःची डावी चप्पल गुपचूप कपाटात ठेवली. लाज वाटली, तरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या खोलीत एक जोडपं झोपलं होतं. बाईंनी दारातल्या चपलांभोवती कणीक भुरभुरली आणि लाटणं घेऊन स्वयंपाकघरात दबा धरला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कूलरच्या घरघरीतून पाय घासल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. बाईंनी लाटणं घट्ट धरलं. आवाज कोठीच्या खोलीत शिरला आणि पत्र्याचं झाकण करकरलं.

धीर करून त्या बाहेर आल्या. कणकेत पावलं उमटली होती आणि डाव्या पावलाला करंगळी नव्हती. ते पाऊल त्या चाळीस वर्षं ओळखत होत्या.

त्यांचे यजमान किसनराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते.

"तुमी?"

"माही माय असंच करे," ते ओशाळून म्हणाले. "डावा जोडा लपवला का पाहुणा दोन दिवस जास्त राहे. एका जोड्यावर कोण जाते?"

"सारे गेले ना!"

"तेच तं. आजकालचे लोक तसेबी जातात. गाडी चालवणं सुटलं तवापासून माह्याशी बोलते कोण?"

बाईंना संताप आला, पण हातातलं लाटणं त्यांनी खाली केलं. त्यांनी सुगतचं म्हणणं सांगितलं, तसा किसनरावांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. तिसरी तक्रार वाचून सुगत स्वतःच आला होता. "आई, सामान भर. उद्या सकाळी निघू," म्हणत त्यानं बूट काढले, टेबलावर किल्ली टाकली आणि हातपाय धुवायला गेला.

किसनरावांनी डाव्या बुटाकडे बोट दाखवलं.

"एकानं काय होते? त्याच्यापाशी गाडी हाय," बाई कुजबुजल्या.

त्यांनी दोन्ही बूट उचलले, वरून किल्लीही घेतली. किसनरावांनी कोठीचं झाकण धरलं.