पाणी घालायचं राहिलं

मित्रांनो, मागच्या अंगणात नळाजवळ कलंडून पडलेली ती पोचे आलेली झारी दिसते ना, ती मी. माझा हिरवा रंग आता नावालाच उरला आहे.

पत्र्याचे डबे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. त्याने माझे सांधे झाळले, नळीच्या तोंडावर बारीक छिद्रांची चाळणी बसवली आणि पाणी भरून मला उन्हात धरले. थेंबही गळला नाही. "जा, सुखाने नांद," तो म्हणाला. लेकीची पाठवणी करावी तसा त्याचा आवाज झाला होता.

मला घरी आणले ते ड्रायव्हरकाकांनी. त्यांनी सारा जन्म बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावर त्यांना घर खायला उठले होते. काकू घरीच शिवणकाम करत आणि मागच्या अंगणात भाजी लावत. माती, बी, रोपे हा सगळा काकूंचा कारभार होता.

"दुसरं काही तुम्हाला जमायचं नाही. निदान पाणी तरी घाला," काकू म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पाणी काकांचे झाले.

काका मला दोन्ही हातांनी धरत. वाफ्यांच्या कडेने वळताना तोंडाने हॉर्न वाजवत. आतून शिवणयंत्र थांबवून काकू ओरडत, "अहो, हळू! मिरच्यांपाशी स्टॉप आहे!" शेजारणी टोमॅटो मागायला आल्या की काकूंचे कौतुक करत. काकू मोकळेपणाने सांगत, "हात माझा असेल, पण पाणी ह्यांचं." तेव्हा काका उगीचच माझी चाळणी झटकत बसत. किती सुखाची वर्षे होती ती!

मग तो मोसम आला. काकूंनी बी पेरले, रोपे वर आली. टोमॅटोला काठ्यांचा आधार मिळाला, घेवडा दोरीवर चढू लागला. एका सकाळी काकांनी सगळ्या वाफ्यांना पाणी घातले, मला जागेवर ठेवले, आत जाऊन चहा घेतला आणि ते पुन्हा बाहेर आले.

"अगं, आज झाडांना पाणीच नाही घातलं!"

"आत्ताच तर घातलंत. पाय बघा, ओले आहेत अजून."

काकांनी पायांकडे पाहिले आणि दोघेही हसले. पण असे वरचेवर होऊ लागले, तेव्हा हसणे थांबले. काकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. विसरण्याचा हा आजार वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी आल्यावर काकू कपडेही न बदलता वांग्यांच्या वाफ्यात बसल्या आणि तण उपटू लागल्या. तण संपले तरी त्यांचे हात मातीत काहीतरी शोधत होते.

त्यानंतर काका दिवसभर मला भरत आणि रिकामी करत. वाफ्यांत चिखल साचला. पाने पिवळी पडली, मुळे कुजू लागली. मला ते दिसत होते, पण नाही म्हणायला मला वाचा नव्हती. फुलावर आलेले टोमॅटो माना टाकू लागले, तेव्हा काकूंचा धीर सुटला. "नका हो! मरतायत ती!" असे म्हणत त्यांनी मला काकांच्या हातून हिसकावून घेतले आणि कपाटामागे दडवले.

तिथे अंधारात मी ऐकत होते. काका खोल्या धुंडाळत होते, भांडी हलवत होते. मग दार वाजले आणि घर शांत झाले. काकूंना वाटले, ते अंगणात बसले असतील. बऱ्याच वेळाने गल्लीतला इस्त्रीवाला त्यांचा हात धरून आला. काकांच्या पायांत चप्पल नव्हती.

"काकू, हे चौकात उभे होते. येईल त्याला विचारत होते, माझी झारी पाहिलीत का म्हणून."

काकूंनी त्यांचे पाय धुतले. मग मला बाहेर काढले, नळाखाली काठोकाठ भरले आणि काकांच्या हातात दिले.

"घ्या. घाला पाणी."

त्या दिवसानंतर काकूंनी त्यांना कधी अडवले नाही. आधी टोमॅटो गेले, मग वांगी, शेवटी घेवडाही गेला. भाजी बाजारातून येऊ लागली. काका पाणी घालत आणि काकू पायरीवर बसून पाहत.

एक दिवस काका वाफ्यापाशी थबकले. काळ्या पडलेल्या देठांवरून त्यांनी हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले.

"ही झाडं कशानं गं मेली?"

काकू जवळ आल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"माझ्या हातून पाणी घालायचं राहिलं."

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, रडू नकोस. पुढच्या वेळी पाणी मी घालत जाईन. तू विसरतेस."

"हो," काकू म्हणाल्या. "तुम्हीच घाला."

पुढचा मोसम काकांनी पाहिला नाही.

मला आता गंज चढतो आहे, पण माझी चिंता करू नका. पत्र्याचे आयुष्य तेवढेच असते. फक्त एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी एकच काम पुन्हा पुन्हा करत असेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर चूक दाखवून देण्याची घाई करू नका. त्यांच्या हातातले काम हिसकावून घेऊ नका. थोडे नुकसान होईल, ते होऊ द्या. बाग पुन्हा लावता येते.

काकूंनी अजून लावलेली नाही.