तापल्या कोपऱ्यावरचा बाक

मित्रांनो, मी बाक आहे. जुना आहे, एका पायाने अधू आहे आणि मला माणसांचा मनापासून वीट आला आहे. आपली कहाणी अशी सुरू करू नये, हे मला कळतं. पण ज्याच्या डोक्यावर पन्नास वर्षं रोज सकाळी बेसबॉलची भांडणं झाली, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा तुम्हीही करू नका.

माझं गाव सान रोमुआल्डो. क्युबाच्या मधोमध, चारी बाजूंना ऊस. साखर कारखान्याच्या इलारिओ नावाच्या सुताराने मला घडवलं. माझे पाय कारखान्यातच ओतले आणि फळ्या घेतल्या माजाग्वाच्या लाकडाच्या. याच लाकडाच्या आमच्याकडे बॅटी करतात. एकाच ओंडक्यातले माझे भाऊ मैदानात गेले, टाळ्या घेऊन मोडले, आणि मी बागेत आलो. मला जागेवर बसवल्यावर इलारिओ माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "छान झालास. तुझ्यावर माणसं बसतील." बिचाऱ्याला तो आशीर्वाद वाटला.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. रविवारी बँड वाजायचा, म्हाताऱ्या पंखे हलवत बसायच्या, नवी जोडपी माझ्या अर्ध्याच फळीवर मावायची. मग वरच्या लॉरेलच्या झाडाची सावली दाट झाली आणि त्या सावलीला पुरुष आले. त्यांनी या जागेचं नाव ठेवलं तापलेला कोपरा. सकाळी दहापासून तीस-चाळीस जण इथे नाकाला नाक लावून ओरडतात. नवखा माणूस घाबरून पोलिसाला शोधतो. पोलीस इथेच असतो, तोही ओरडत असतो.

प्रुदेन्सिओ न्हाव्याने चाकूने माझ्या बैठकीवर बेसबॉलचं मैदान कोरलं. त्यावर बाटल्यांची नऊ झाकणं मांडून ही मंडळी कालचा सामना पुन्हा खेळतात. झाकणं हलवताना प्रत्येक जण संघाचा मॅनेजर असतो आणि प्रत्येक जण जिंकतो. खरा मॅनेजर तेवढा गाढव. टंचाईच्या वाईट दिवसांत माझी एक फळी कुणीतरी डुक्कर कोंडायला उचलून नेली. दुसऱ्या दिवशी त्या मोकळ्या जागेकडे बघून सगळे म्हणाले, "नगरपालिकेचं लक्षच नाही." फळी नेणारा त्यांच्यातच उभा होता आणि सगळ्यात जास्त तोच हळहळत होता.

याच कोपऱ्यावर निवाल्दो यायचा. तो बागेच्या कडेला छोटं टेबल टाकून सिगारेटचे लायटर भरून द्यायचा. अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. त्याने काही म्हटलं तर प्रुदेन्सिओ म्हणायचा, "तू गॅस भर." मग निवाल्दोचा मुलगा ओस्निएल मोठा झाला आणि आमच्या 'बगळे' संघाचा पिचर झाला. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा खेळ ज्याच्या हातावर चालतो तो. त्या दिवसापासून निवाल्दोला माझ्यावर मधोमध जागा मिळू लागली. झाकणांतलं लाल झाकण ओस्निएलचं ठरलं आणि ते हलवायचा मान बापाला. बापाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या वर्षी बगळे अंतिम मालिकेत पोहोचले. सात सामने, चार जिंकणारा विजेता. समोर राजधानीचा संघ. आमचा मॅनेजर होता फेर्मिन, याच गावचा, निवाल्दोबरोबर शाळेत शिकलेला. कमी बोलणारा माणूस.

दुसऱ्या सामन्यात ओस्निएल छान फेकत होता, तरी फेर्मिनने त्याला नऊपैकी सातव्या डावात काढलं आणि सामना गेला. सकाळी कोपऱ्यावर नुसता जाळ.

"पळपुटा आहे फेर्मिन," प्रुदेन्सिओ म्हणाला. "सातव्यात काढतात का कुणी? एवढ्या घाईनं मी गिऱ्हाइकाची दाढीसुद्धा उरकत नाही."

"तू उरकत नाहीस, तू कापतोस," बस ड्रायव्हर कुको म्हणाला. "पण बोललास खरं."

"माझ्या पोराचा हात काय काचेचा आहे का?" निवाल्दो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. त्याला ते फार गोड लागलं.

चौथ्या सामन्यात फेर्मिनने एका थकलेल्या पिचरला तसंच ठेवलं आणि तोही सामना गेला.

"झोपला होता का हा?" प्रुदेन्सिओ ओरडला. "त्या म्हाताऱ्या पिचरला केव्हाच काढायला हवं होतं."

"परवा तर म्हणत होतास, काढू नये," कुकोने आठवण करून दिली.

"परवाचं परवा."

मित्रांनो, हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. प्रत्येक वेळी माझ्या खिळ्यांना गंज चढल्यासारखं वाटतं. सामना संपल्यावर अक्कल पाजळायला काही लागत नाही, आणि जे काही लागत नाही ते या बागेत भरपूर मिळतं.

पाचवा सामना ओस्निएलने एकट्याने शेवटपर्यंत फेकला आणि आपण जिंकलो. सहावा हरलो. तीन-तीन. सातव्याच्या आदल्या दिवशी पहाटे बाप-लेक माझ्यावर येऊन बसले. समोर पावाच्या दुकानाची रांग लागत होती. ओस्निएलने उजवा हात मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा.

"पपा, कोपर दुखतंय," तो हळूच म्हणाला. "पाचव्या सामन्यापासून. रात्रभर झोप नाही. बोटांना मुंग्या येतायत."

"चोळून घेतलंस का?"

"चोळून काही होत नाही. तुम्ही फेर्मिनना सांगा ना. मी सांगितलं तर कोपऱ्यावर म्हणतील, घाबरला. बापानं सांगितलं तर कुणी काही बोलणार नाही."

"बघतो," निवाल्दो रांगेकडे बघत म्हणाला. "चल, आधी पाव घेऊ. रांगेत शेवटचा कोण आहे विचार."

मी ऐकलं. ऐकणारा मी एकटाच होतो.

त्या दुपारी फेर्मिन स्वतः कोपऱ्यावर आला. आमच्याकडे ही रीतच आहे. मोठ्या सामन्याआधी मॅनेजरने इथे तोंड दाखवायचं, नाहीतर तो लपला म्हणतात. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. लाल झाकण माझ्यावर मध्यभागी ठेवलेलं होतं.

"उद्या ओस्निएलच," प्रुदेन्सिओ म्हणाला. "आणि शेवटपर्यंत. पुन्हा शेपूट घालशील तर दाढी दुसरीकडे कर."

"पोरानं दोनच दिवसांपूर्वी पूर्ण सामना टाकलाय," फेर्मिन म्हणाला. मग तो निवाल्दोकडे वळला. "तू बाप आहेस, तुला ठाऊक. त्याचा हात कसा आहे?"

कोपऱ्यावर अशी शांतता मी पहिल्यांदा अनुभवली. तीस-चाळीस माणसं निवाल्दोच्या तोंडाकडे बघत होती, जिथे आजवर कुणी कधी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, सांग. लाकडाचं म्हणणं कोण ऐकतं?

"लोखंडाचा आहे," निवाल्दो म्हणाला.

टाळ्या पडल्या. कुकोने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"नक्की?" फेर्मिनने विचारलं.

"माझा पोर आहे, फेर्मिन. तुला काय भीती वाटते?"

"ठीक आहे. मग तोच," फेर्मिन म्हणाला आणि निघून गेला.

सातवा सामना सगळ्यांनी कुकोच्या रेडिओवर ऐकला. रेडिओ माझ्यावरच ठेवला होता. सात डाव ओस्निएलने राजधानीवाल्यांना एक धाव घेऊ दिली नाही. निवाल्दोला कुणी रम देत होतं, कुणी चिरूट. आठव्या डावात निवेदक एकदम थांबला. मग म्हणाला की चेंडू पिचरच्या हातातून निसटून भलतीकडे गेला आहे आणि पिचर गुडघ्यावर बसला आहे. पुढे सामनाही गेला, पण ते मला आठवत नाही. निवाल्दोने लाल झाकण उचलून मुठीत धरलं, तेवढं आठवतं.

सकाळी पुन्हा कोपरा भरला.

"मारलं पोराला त्या फेर्मिननं," प्रुदेन्सिओ म्हणाला. "दोन दिवसांच्या विश्रांतीवर कुणी उतरवतं का? कसाई."

"सातव्या डावात काढायला हवं होतं," कुको म्हणाला.

मित्रांनो, मला ओकारी येत नाही, कारण मला पोट नाही. हीच तोंडं, हीच जागा, मध्ये फक्त दोन दुपारी गेलेल्या. 'लोखंडाचा' हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता आणि एकालाही तो आठवत नव्हता. निवाल्दो मधोमध बसून रडत होता. कुणी त्याला कॉफी आणून दिली. ती तो खाली बघत प्याला. आठवड्याभरात फेर्मिनला काढून टाकलं. जाताना तो बागेतून गेला, माझ्यापाशी थांबला आणि त्याने निवाल्दोकडे एकदा बघितलं. निवाल्दो मूग गिळून लायटर भरत होता. फेर्मिननेही त्याचं नाव घेतलं नाही, तिथेही नाही आणि दुसरीकडे कुठेही नाही. एवढ्या वर्षांत मला आवडलेला माणूस तो एकच.

याला आठ वर्षं झाली. ओस्निएलचा हात कोपरात सरळ होत नाही. तो नगरपालिकेत रंगारी आहे. आणि निवाल्दो अजून मधोमध बसतो. पिचरचा बाप म्हणून मिळाली नाही एवढी इज्जत त्याला दुःखी बाप म्हणून मिळते. नव्या माणसाला तो सगळं पहिल्यापासून ऐकवतो, "फेर्मिननं माझ्या पोराचा हात खाल्ला."

यंदा बगळे पुन्हा अंतिम मालिकेत आहेत, म्हणून नगरपालिकेला बाग आठवली. परवा ओस्निएल हिरव्या रंगाचा डबा घेऊन आला. डाव्या हाताने त्याने मला घासलं, गेलेल्या फळीच्या जागी नवी फळी बसवली, मला हिरवा रंग दिला आणि प्रुदेन्सिओने कोरलेल्या रेघा रंगाने भरल्या. काम त्याने नीट केलं. इलारिओनंतर माझ्यावरून एवढ्या मायेने कुणाचा हात फिरला नव्हता. शेवटी 'रंग ओला आहे' असा पुठ्ठा लावायचा राहिला होता. तो त्याच्या हातात होता.

तेवढ्यात निवाल्दो पांढरी पँट घालून आला. आदल्या दिवशीच्या सामन्यात नव्या मॅनेजरने एका कोवळ्या पिचरला शेवटपर्यंत ठेवलं होतं, त्यावर वाद पेटला होता. "मला विचारा," तो हातवारे करत पाठमोरा माझ्याकडे सरकत होता. "माझ्या पोराचा हात त्या फेर्मिननं..."

ओस्निएलने बापाकडे बघितलं, पुठ्ठ्याकडे बघितलं आणि तो तसाच उभा राहिला. निवाल्दो बसला.

कोपरा हसून लोळला. निवाल्दो उठला तेव्हा त्याच्या पार्श्वभागावर हिरव्यागार पट्ट्या उमटल्या होत्या.

"सांगायचं नाही का मला?" तो मुलावर खेकसला.

ओस्निएलने ब्रश डब्याच्या काठावर निथळवला. "सांगितलं होतं, पपा. याच बाकावर."

"कधी?"

"पाव घ्यायच्या आधी."

"सकाळी सांगितलं असेल, हा विसरला," कुको म्हणाला आणि सगळे पुन्हा वादाकडे वळले. निवाल्दो मात्र जागचा हलला नाही. त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला मी बघितला, आणि मला त्याची दया आली नाही.

"काय रे निवाल्दो," प्रुदेन्सिओने विचारलं, "पुढच्या खेपेला त्या कोवळ्या पिचरला ठेवायचं की काढायचं?"

"त्याला विचारा, दुखतंय का," निवाल्दो म्हणाला.

"पोराला काय विचारायचं? त्याला काय कळतं?"

आठ वर्षांत पहिल्यांदा निवाल्दो वाद अर्धा सोडून घरी गेला. ओस्निएलने पुठ्ठा माझ्या पाठीला बांधला, डबा उचलला आणि तोही बापाच्या मागोमाग गेला.

मित्रांनो, बाकांची कहाणी संपताना बाक म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावर नावं कोरू नका. तुम्ही खुशाल कोरा. माझं मागणं वेगळं आहे. कधी पहाटे कुणी माझ्यावर तुमच्या शेजारी बसून हळू आवाजात 'दुखतंय' म्हणालं, तर ते जिथे सांगायला हवं तिथे त्याच दिवशी जाऊन सांगा. मी ऐकतो, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे, आणि ते तुम्ही कशासाठी वापरता हे मी पन्नास वर्षं ऐकतो आहे.