नवरदेवाची कॉलर

या, असे जवळ सरकून बसा. पनवेलच्या काशिराम शिंप्याची गोष्ट आहे. लांबण लावत नाही. लग्नाच्या दिवशी दुपारी काशिराम नवरदेवाच्या टायची गाठ तिसऱ्यांदा सोडत होता.

"काका, आता फास लागेल मला," रूबेन म्हणाला. "लग्न चार वाजता आहे. तोवर तरी जिवंत ठेवा."

"मान वर कर. गाठ वाकडी येतेय."

गाठ वाकडी नव्हती. काशिरामची बोटंच घामानं ओली झाली होती.

रूबेन हा पोस्टातून निवृत्त झालेल्या आरोनबाबा पेणकरांचा धाकटा. घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, पण सुटाचं सगळं काशिरामवर सोपवलेलं. राखाडी लोकरीचं कापड त्यानंच निवडलं, निळा टाय मुंबईहून आणवला. रूबेन तपकिरी बुटांवर अडून बसला, तेव्हा "राखाडी पँटीखाली चिखलातून आल्यासारखा दिसशील" म्हणत काळे बूट घ्यायला लावले.

कापड हाती देताना बाबांनी एकच गोष्ट बजावली होती. "काशिराम, लोकर आणि जवसाच्या धाग्याचं कापड, तुमचं ते लिनन, एका वस्त्रात आलं तर आम्हाला वर्ज्य. का, ते विचारू नकोस. सांगितलंय, म्हणून पाळायचं."

काशिरामनं विचारलं नाही. एकादशीला साबुदाणा चालतो नि भात चालत नाही, याचं कारण त्यानंही कधी मागितलं नव्हतं.

पण कॉलर सुती बकरमावर, म्हणजे आतल्या ताठ अस्तरावर, बसेना. टोकं उलटून वर येत. दोनदा उसवली, दोनदा घातली. तिसऱ्या खेपेला हात फडताळातल्या लिननच्या तुकड्याकडे गेला. बोटभर रुंदीची पट्टी. आतलं कोण बघतंय? आणि कॉलर अशी बसली, की बायको, गोदूबाई, चुलीपुढून उठून बघायला आली.

त्याला चार दिवस झाले, अन्न गोड लागत नव्हतं. काल संध्याकाळी अंगणात बाबांचं कीर्तन होतं. आपल्या पूर्वजांची आख्यानं ते मराठीतून, साकी-दिंडी लावून अशी रंगवत, की आळीतली माणसं हातातलं काम टाकून येत. झांजेला काशिराम ठरलेला. देवाचं नाव कुठलंही असो, ते गायला लागलं की त्याचे डोळे भरायचे. काल मात्र तो दोनदा तालाला चुकला. बाबांनी चिपळ्या न थांबवता नुसतं पाहिलं.

रूबेन आरशापुढे वळला. "कॉलर बघा, काका! बाबा, तुम्हीपण बघा ना!"

दारात टेकलेले बाबा हसले. "काशिरामनं शिवलंय. त्यात मी काय बघायचं?"

काशिरामच्या हातून टाचण्यांची डबी खाली पडली.

"कोट काढ," तो म्हणाला.

"का?"

"आतली एक शिवण राहिलीय."

"आत्ता? अहो, दोन वाजून गेले!"

"काढ म्हणतो ना!"

कोट छातीशी धरून तो भर बाजारातून धावत दुकानात आला. तो कात्रीचं टोक कॉलरीत घालणार, तोच गोदूबाईनं त्याचा हात धरला.

"अहो, भानावर आहात ना? मुंबईचे पाहुणे आलेत. ही कॉलर बघून चार कोट मिळाले असते तुम्हाला!"

"माहीत आहे मला."

"मग?"

त्यानं हात सोडवून घेतला आणि टाके कापले. सुती बकरम घातलं, पाणी शिंपडलं, इस्त्री जीव खाऊन दाबली. इस्त्री उचलली की टोकं हळूहळू वर यायची. पुन्हा दाबली. पुन्हा वर. घड्याळात साडेतीन झाले, तेव्हा कोट तसाच घेऊन तो पळाला.

सिनेगॉगमध्ये मंडपाखाली रूबेन उभा राहिला आणि डावं टोक उलटलं. त्यानं हातानं बसवलं, ते पुन्हा उठलं. मुंबईच्या एका पाहुण्यानं शेजाऱ्याला कोपरानं डिवचलं.

"कोट कोणाकडचा? कॉलरला कान फुटलेत!"

"इथलाच कोणी शिंपी असेल."

काशिराम मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली, पण बाहेर गेला नाही. जाताना रूबेननं त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. जेवायला न थांबता काशिराम घरी आला आणि रिकामंच मशीन किती तरी वेळ चालवत बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरोनबाबा काखेत बोचकं घेऊन दुकानात आले. काशिराम धडपडून उठला.

"बाबा, त्या कॉलरीचं..."

"बस," बाबा म्हणाले. त्यांनी बोचक्यातून एक काळा कोट काढला, जुना पण जपलेला. "माझ्या लग्नातला. मुंबईच्या मोठ्या शिंप्याचा. चाळीस वर्षं झाली, कॉलर अजून तळहातासारखी सपाट आहे."

काशिरामनं कॉलरवरून बोट फिरवलं. खरंच, कुठे सुरकुती नव्हती.

"सुरेख आहे, बाबा. हिला काय करायचं?"

"उसव," बाबा म्हणाले. "परवा तू ऐन वेळी कोट का उसवलास ते उमगलं, तेव्हापासून मला झोप नाही. आत काय आहे ते बघ. आणि निघालंच काही, तर सुती घाल. उडू देत टोकं."

ते स्टुलावर बसले आणि रस्त्याकडे बघू लागले. काशिरामनं डोळे पुसले, कात्री उचलली.

तेव्हा मंडळी, कुठल्या लग्नात नवरदेवाची कॉलर उडालेली दिसली, तर हसू येण्याआधी क्षणभर आमच्या काशिरामला आठवा.